समीर रनिंग

फिजिओच्या टेबलावर माणूस पालथा पडला की बोलायला लागतो. का, ते मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. समोर कोणाचं तोंड दिसत नाही म्हणून असेल, किंवा पोटरीत माझा अंगठा रुतलेला असताना गप्प राहणं जमत नसेल. बायकोशी भांडण, घराची खरेदी, सासूचं ऑपरेशन, सगळं त्या टेबलावर बाहेर पडतं. त्यामुळे किस्से आपोआप साठत जातात. मी काही वही घेऊन बसत नाही.

लंडनमध्ये पिनरला कोणाकडे गणपतीला गेलं की हमखास विचारणा होते, "तू फुटबॉल क्लबमध्ये होतीस ना? मग कोणाकोणाचे पाय चेपलेस?" मी सांगते की आमचा क्लब खालच्या लीगमधला, ब्रिस्टलपासून अर्ध्या तासावरचा. टीव्हीवर आमचं नाव फक्त निकालांच्या पट्टीत यायचं आणि तेसुद्धा भरकन जायचं. समोरच्याचा चेहरा पडतो. मग मी समीरचं सांगते आणि ताटातले उकडीचे मोदक गार होऊन जातात.

समीर म्हटल्यावर पुण्याहून माझ्या सासूबाईंनी फोनवर पहिला प्रश्न विचारला होता, "आपल्यातला का गं?" आपल्यातला नाही. लेबनॉनचा. दक्षिणेला समुद्रकाठी सूर नावाचं गाव आहे, तिथला. वडिलांची बेकरी. हा मात्र विशीत फ्रान्सला जाऊन तिकडच्या लहान क्लबांत खेळला, तिथला पासपोर्ट मिळवला आणि सत्ताविसाव्या वर्षी आमच्याकडे डिफेंडर म्हणून आला. जानेवारीत आला, हीच त्याची पहिली चूक.

*

पहिल्या दिवशी तो प्रॅक्टिसला तीन ट्रॅकसूट एकावर एक घालून उतरला. हातात लोकरीचे मोजे, डोक्यावर टोपी, डोळे तेवढे उघडे. आमच्या गॅफरने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. गॅफर म्हणजे मॅनेजर. तिकडे फुटबॉलवाले त्याला दुसऱ्या कशाने हाक मारत नाहीत. हा आमचा गॅफर यॉर्कशरचा, साठीकडे झुकलेला, हसायचं म्हटलं तर त्याला आधी नोटीस द्यावी लागे. तो एवढंच म्हणाला, "पुढच्या आठवड्यात याला त्या कपड्यांच्या आतून बाहेर काढा, मग खेळतो का ते बघू."

मी त्याचा फॉर्म भरून घेत होते. जुन्या दुखापती? "नाहीत." डाव्या गुडघ्यावर बोटभर लांबीची शिवण दिसत होती. मी तिच्याकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, ऑलिव्हच्या झाडावरून पडलो होतो, नऊ वर्षांचा असताना. ती फुटबॉलची दुखापत नाही.

तेव्हाच मला कळलं की या माणसाशी आपलं जमणार आणि याच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागणार.

*

नवीन खेळाडूने पहिल्या बाहेरगावच्या मॅचला, हॉटेलात जेवताना, खुर्चीवर उभं राहून गाणं म्हणायचं असतं. आमच्याकडे ती रीतच होती. लोक दोन ओळी बेसूर ओरडतात, बाकीचे ब्रेडचे तुकडे मारतात, संपलं. समीर खुर्चीवर चढला, डोळे मिटले आणि त्याच्या गावात मुलगी सासरी निघताना म्हणतात ते गाणं सुरू केलं. आवाज असा की ब्रेड हातातच राहिला.

अडचण अशी की त्या गाण्याला सात कडवी होती. प्रत्येक कडव्यानंतर मंडळी टाळ्या वाजवत, आणि तो दम घेऊन पुन्हा सुरू. सूप गार झालं. चौथ्या कडव्यानंतर आमच्या राइटबॅकने, केवने, शेजारच्याला हळूच विचारलं, "ती मुलगी अजून निघाली नाही का?"

हा केव या सगळ्यात महत्त्वाचा माणूस, म्हणून त्याच्याविषयी थोडं सांगते.

*

केव बारा वर्षं त्याच क्लबात होता. मॅचमध्ये त्याने मला कधीच काम दिलं नाही, कारण मैदानावर त्याने मला कधी पाऊलच ठेवू दिलं नाही. एकदा भुवई फुटून रक्त गालावर आलं. मी बॅग घेऊन निघाले तर लांबूनच हाताने "मागे फिर" अशी खूण! पायाचं बोट मोडल्याचं मला मॅचनंतर तीन दिवसांनी कळलं, तेही बूट निघेना म्हणून.

पडणाऱ्या खेळाडूंचा त्याला मनापासून तिटकारा. बसमधल्या टीव्हीवर एकदा कोणी मोठा स्ट्रायकर जमिनीवर चार-पाच कोलांट्या खात होता. सगळे पाहत होते. केव म्हणाला, "याच्या आईला फोन करा रे कोणीतरी."

आता माझं काम. मॅचमध्ये कोणी पडलं की पळत जायचं, तपासायचं आणि बेंचकडे खूण करायची. अंगठा वर म्हणजे ठीक आहे. दोन्ही मुठी एकमेकींभोवती गोल फिरवल्या म्हणजे याचं आज संपलं, दुसरा पाठवा. माझ्या त्या खुणेवर कोणी वाद घालत नसे, गॅफरसुद्धा नाही. मी उगाच कोणाला बाहेर काढत नाही आणि उगाच कोणाला आत ठेवत नाही, एवढी माझी पत होती. क्लबात मी एकटी बाई आणि एकटी भारतीय. ती पत मी फार जपून कमावली होती.

*

माझ्या डब्याचा वास समीरला दुसऱ्या आठवड्यात लागला. त्या दिवशी भरली वांगी होती. तो टेबलावर पालथा होता, मी त्याची मांडी रगडत होते, आणि त्याने वर न बघता सांगितलं, "वांगं. आत काहीतरी भरलंय. माझी आईपण करते." त्यानंतर अदलाबदल सुरू झाली. तो झातर लावलेली वडिलांच्या पद्धतीची रोटी भाजून आणायचा, मी थालीपीठ. झातर म्हणजे त्यांच्याकडचा रानटी ओव्याच्या जातीचा मसाला. माझ्या नवऱ्याने, श्रीरंगने, तो दह्यात कालवून खाल्ला आणि सूरच्या एका माणसाला दुःख दिलं.

पण गॅफरने माझ्या खोलीत खाण्यावर बंदी घातलेली होती. फिजिओच्या टेबलाला डोकं ठेवायच्या जागी एक भोक असतं, म्हणजे पालथं पडल्यावर नाक दबत नाही. एक दिवस मी गरम पाण्याची पिशवी भरायला गेले आणि परत येते तर गॅफर दारात उभा. समीर टेबलावर अगदी शिस्तीत पालथा. टेबलाखाली, बरोबर भोकाखाली, स्टुलावर माझा डबा. समीरच्या कानशिलाखालचा स्नायू लयीत वरखाली होत होता.

गॅफरने बराच वेळ पाहिलं. मग मला विचारलं, "जबड्याला पण दुखापत आहे का?"

मी म्हटलं, "व्यायाम देतेय."

"रोज देत जा," म्हणाला आणि गेला.

*

रमजान त्या वर्षी नोव्हेंबरात आला. तीनची मॅच, म्हणजे सूर्यास्त सेकंड हाफच्या मधोमध. गॅफर म्हणाला, धर्म त्याचा आहे, पाय माझे आहेत, दोन्ही सांभाळ. मी बॅगेत बर्फाच्या शेजारी खजुराची पुडी ठेवली.

सव्वाचारच्या पुढे समीरच्या नडगीवर कोणाची तरी लाथ बसली. खरीखुरी. मी धावत गेले. नडगीवर चांगलं टेंगूळ आलं होतं, पण त्याचे डोळे माझ्या बॅगेवर.

"सूर्य?" त्याने विचारलं.

"सूर्य मंगळवारपासून दिसलेला नाही. टाइमटेबलप्रमाणे मावळलाय."

त्याने तोंड उघडलं, मी खजूर घातला. रेफरी वाकून बघत होता. हे काय देतेस म्हणून विचारलं. मी खजूर म्हटलं. कशासाठी? मी म्हटलं, नडगीसाठी. त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "मग दुसराही देऊन टाक, खेळ सुरू करायचाय."

शेजारी केव उभा होता. त्या दिवसापासून दर शनिवारी खजूर आणायची जबाबदारी त्याने स्वतःकडे घेतली. रमजान संपल्यावरही चार आठवडे आणत होता. समीरने त्याला सांगितलं नाही, मीही नाही.

*

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात लेबनॉनवर बॉम्ब पडायला लागले. आमची सीझनआधीची प्रॅक्टिस चालू होती. सूरला जायचे पूल तुटलेले, फोन लागत नाहीत. आई आणि बहिणी डोंगरात नातेवाइकांकडे पोहोचल्या होत्या, एवढं कळलं होतं. वडील बेकरी सोडून निघायला तयार नव्हते. लोक खाणार काय, असं त्यांचं म्हणणं.

प्रॅक्टिसला फोन आणायला बंदी. गॅफरने माझ्याकडे बघून बॅगेकडे मान हलवली. समीरचा फोन माझ्या बॅगेत राहायला लागला. पाच दिवस मी त्या मुक्या डबीला जपत बसले. समीर पळत होता, बॉल अडवत होता, आणि दर दोन मिनिटांनी मान वळवून माझ्याकडे बघत होता. मी नकाराची मान हलवायचे. ते पाच दिवस मी आयुष्यात विसरणार नाही.

सहाव्या दिवशी वाजला. तो पार दुसऱ्या टोकाला. फोन कट होईल म्हणून मी तो उचलला आणि कानाला लावून धावत सुटले. पलीकडे एक जाड आवाज, अरबीत. मला एक अक्षर कळेना. बाईचा आवाज ऐकून ते आणखीच जोरात बोलायला लागले. मी पळता पळता ओरडत होते, "समीर ओके! समीर रनिंग! समीर रनिंग!" कारण त्या वेळी समीर खरंच माझ्या दिशेने पळत येत होता.

त्याने फोन घेतला आणि गवतावर बसला. लाइन तीन मिनिटं टिकली. नंतर तो डोळे पुसत सांगत होता की त्यातली दोन मिनिटं वडिलांनी, तुझा फोन उचलणारी ही बाई कोण, एवढंच विचारलं. उरलेल्या एका मिनिटात म्हणाले की भट्टी चालू आहे, मी ठीक आहे, तू नीट जेव.

सगळी टीम जिथल्या तिथे उभी होती. गॅफरने आकाशाकडे पाहिलं. जुलैचे सकाळचे अकरा वाजले होते, ऊन टळटळीत.

"उजेड कमी झालाय," तो म्हणाला. "आज बास."

*

ऑगस्टच्या शेवटच्या मॅचला समीरचा गुडघा गेला. तोच, ऑलिव्हच्या झाडाचा. लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं, आणि नऊ महिने त्याचा पाय माझ्या ताब्यात आला. वय तीस. मे महिन्यात कॉन्ट्रॅक्ट संपणार. काय होणार ते त्याला माहीत होतं आणि मलाही, पण टेबलावर त्याविषयी आम्ही बोलत नव्हतो.

त्याचं एकच चाललं होतं. दहा वर्षं परदेशात खेळतोय आणि वडिलांनी एकदाही पाहिलेलं नाही. आधी बेकरी बंद ठेवणं जमेना, मग दोनदा व्हिसा नाकारला. गावी असताना तो खेळायचा तेव्हा ते भट्टीपाशी असायचे. त्यांच्या लेखी मुलगा परदेशात कुठेतरी नुसता पळत असतो. मार्चमध्ये तिसऱ्यांदा अर्ज केला आणि व्हिसा मिळाला. सीझनच्या शेवटच्या मॅचला, आमच्याच ग्राउंडवर, वडील येणार.

आता फिट व्हायलाच हवं होतं. माझी एक टेस्ट असते. ज्या पायाला दुखापत, त्या एका पायावर तीस उड्या, न थांबता, न डगमगता. मी स्टॉपवॉच हातात घेतलं. समीरने सुरुवात केली. सुंदर उड्या! तीस झाल्या, तो छाती काढून उभा राहिला.

मी म्हटलं, "छान. आता दुसऱ्या पायावर."

तो उजव्या पायावर मारत होता. स्टॉपवॉचकडे बघताना बाईला पाय कळणार नाहीत, असा त्याचा हिशोब. डाव्यावर अकरा झाल्या आणि गुडघा आत वळला. मी फिट लिहिलं नाही. त्याने विनवलं, एकदा चिडलाही. मी नाही म्हटलं आणि घरी येऊन श्रीरंगसमोर रडले. श्रीरंग म्हणाला, "अगं, रूल इज रूल, तुझं बरोबरच आहे," आणि त्यामुळे मला आणखी रडू आलं.

शेवटच्या आठवड्यात, मंगळवारी, त्याने डाव्या पायावर तीस मारल्या. मी पुन्हा मारायला लावल्या. पुन्हा तीस. मग मी वहीत फिट लिहिलं.

गुरुवारी गॅफरने त्याला ऑफिसात बोलावून सांगितलं की कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढणार नाही.

*

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे, गॅफरच्या तिसऱ्या सबची. मॅचमध्ये तीन खेळाडू बदलता येत. मी यायच्या कितीतरी आधी एकदा गॅफरने तिघंही सत्तर मिनिटांत उतरवले, आणि पुढच्याच मिनिटाला गोलकीपरचा खांदा निखळला. लेफ्टबॅकला ग्लोव्ह्ज घालून गोलमध्ये उभं करावं लागलं. चार गोल बसले. त्या दिवसापासून त्याचा नियम: तिसरा बदल फक्त दुखापत झाली तरच. एकदा आम्ही पाच गोलांनी पुढे होतो, पाच मिनिटं उरली होती, तरीही तो बेंचवरच्या पोराला उतरवेना. "खांदा निखळायला एक सेकंद लागतो," म्हणाला.

शेवटच्या मॅचला समीर बेंचवर होता. सगळ्यांचं गॅफरला वडिलांविषयी सांगून झालं होतं. तो म्हणाला, बेंचवर घेतलंय, बाकीचं खेळ ठरवेल.

मॅचआधी मी अबू समीरना, म्हणजे समीरच्या वडिलांना, भेटले. बुटके, रुंद मनगटांचे, मे महिन्यात जाड ओव्हरकोट घातलेले. मी हॅलो म्हणताच त्यांनी आवाज ओळखला. माझ्याकडे बोट दाखवून हसले आणि त्यांना येत असलेलं सगळं इंग्रजी एका दमात बोलून टाकलं, "समीर रनिंग?"

मी काय सांगणार? म्हटलं, आधी सिटिंग. मग बघू. श्रीरंगला त्यांच्या शेजारी बसवून मी खाली आले. सोमवारी त्यांचं परतीचं विमान होतं.

सत्तर मिनिटांपर्यंत दोन बदल झाले. आम्ही दोन-एकने पुढे. तिसऱ्याचं नाव नाही. समीर चारदा उठून मैदानाच्या कडेने पळून आला, अंग गरम ठेवायला. प्रत्येक वेळी वर स्टँडमध्ये तो ओव्हरकोट अर्धवट उभा राही आणि पुन्हा खाली बसे. मला तिकडे बघवेना.

चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला बॉल पार त्यांच्या गोलपाशी होता. आमच्या बाजूला केव एकटा उभा होता, वीस यार्डांत चिटपाखरू नाही. त्याने स्टँडकडे पाहिलं. बेंचकडे पाहिलं. आणि तो खाली बसला. मग काहीतरी कमी पडतंय असं वाटून आडवा झाला.

बारा वर्षांत केवला कोणी आडवं पाहिलं नव्हतं. मी बॅग घेऊन धावले. काहीतरी भयंकर झालं असणार!

गुडघे टेकून बसले. "केव, कुठे दुखतंय?"

त्याने एक डोळा उघडला.

"ते तूच ठरव, लव्ह."

मी बेंचकडे पाहिलं. गॅफर हाताची घडी घालून थेट माझ्याकडे बघत होता. त्याच्यामागे समीर, जर्सीवरचा स्वेटर अर्धा काढलेला, जागीच थिजलेला. इतकी वर्षं जपलेली ती पत त्या क्षणी मला अगदी हातात धरल्यासारखी जाणवली.

मी दोन्ही मुठी गोल फिरवल्या.

समीर सहा मिनिटं आणि वर तीन, एवढं खेळला. चारदा बॉलला पाय लागला, एक पास सरळ समोरच्या टीमला दिला, एक बॉल डोक्याने उडवून बाहेर घालवला. श्रीरंगने नंतर सांगितलं की अबू समीर ती नऊ मिनिटं खाली बसलेच नाहीत. रांगेतल्या एकेकाच्या दंडाला धरून मैदानाकडे बोट दाखवत होते आणि सांगत होते, समीर रनिंग, समीर रनिंग. रांगेतले लोकही मग एकमेकांना तेच सांगायला लागले.

मॅचनंतर मी खोलीत वही भरत होते. दर मॅचची वही गॅफर सही करायला यायचा, तसा आला. चष्मा लावून वाचायला लागला. "केव, उजवी पोटरी," मी लिहिलं होतं.

तेवढ्यात दारावरून केव शॉवरकडे गेला. भलताच लंगडत होता, डाव्या पायाने.

गॅफर तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिला. मग वहीकडे बघितलं, मग माझ्याकडे. सही केली, पेन खिशाला लावलं आणि वही माझ्यापुढे सरकवली.

"घरी जायच्या आधी," तो म्हणाला, "दोघं मिळून एक पाय ठरवा."